हिरवा ठिपका

“माझ्या हाताखालून गेलेली गाडी पुन्हा दारात आली, तर मला उस्ताद म्हणू नका,” फोरमन कंपनीच्या साहेबाला सांगत होता. सगळं वर्कशॉप त्याला उस्तादच म्हणायचं. तेवढ्यात फाटकात हॉर्न वाजायला लागला आणि थांबेचना.

पुढे त्याची धाकटी बहीण, उजवा हात प्लास्टरमध्ये. मागे दवाखान्याचे दोन वॉचमन तिची मोटरसायकल ढकलत होते. “गाडी रस्ताभर गप्प होती हो,” त्यातला एक ओरडला. “फाटकात वळवली आणि हिनं गळा काढला!”

साहेबाचा चेहरा पडला. नेमक्या याच दुखण्यापायी कंपनीनं या मॉडेलच्या सगळ्या गाड्या परत बोलावल्या होत्या. हँडल डावीकडे पूर्ण वळवलं की आतली काळी वायर चिमटायची, इंजिन बंद पडायचं आणि हॉर्न अडकायचा. काळी काढून पिवळी वायर बसवायची आणि काम झालं की सीटखाली हिरवा ठिपका लावायचा. उस्तादानं साठ गाड्या नऊ दिवसांत उरकल्या होत्या. साहेब त्याच्यासाठी बक्षीस म्हणून भिंतीवरचं घड्याळ घेऊन आला होता.

उस्तादानं बॅटरी सोडवली तेव्हा कुठं हॉर्न गप्प झाला.

“कुठं पडलीस गं?”

“कामावर जाताना. आमच्याच दवाखान्याच्या दारात वळले आणि गाडी मेली. नर्सला पडायला याहून चांगली जागा नाही.”

साहेबानं सीट उचललं. “ठिपका तर आहे.”

“असणारच!” बहीण त्याच्यावर घसरली. “माझ्या दादाच्या कामाला नावं ठेवायची नाहीत. तुमची पिवळी वायरच भिकार. आमचा मिक्सर यानं सहा वेळा दुरुस्त केलाय, सहाही वेळा चालला!”

साहेब लिहून घ्यायला लागला. नवी वायर सदोष. उस्ताद नुसती मान डोलवत होता. निभावलं, असं त्याला वाटलं.

“दादा, उघडून दाखव रे यांना,” बहीण म्हणाली. “होऊ दे एकदाचा सोक्षमोक्ष.”

“राहू दे, तुझा हात दुखत असेल. आधी घरी...”

“हात माझा मोडलाय, तुझा नाही. उघड.”

चार स्क्रू होते. चौथा त्यानं फार वेळ फिरवला. आत काळी वायर.

बहिणीनं वाकून पाहिलं. मग हळूच म्हणाली, “दादा, ठिपका होता ना रे?”

“रंगाचा डबा उघडला की तासाभरात वाळतो.” उस्ताद जमिनीशी बोलत होता. “म्हणून सकाळीच सगळ्यांना एका ओळीत ठिपके मारायचो. वायरी नंतर. मग दुपारी कुठली झाली, कुठली राहिली... ठिपका बघायचो आणि सोडायचो.”

“पिवळ्या वायरी किती उरल्यात?” साहेबानं विचारलं.

उस्तादानं कपाटाकडे बोट दाखवलं. तेवीस निघाल्या.

“मला वाटलं, कंपनीनं जास्तीच्या पाठवल्या असतील.”

कुणी हसलंही नाही. हसले असते तर बरं झालं असतं. साहेबानं घड्याळ परत पिशवीत घातलं. ते पिशवीतही टिकटिकत राहिलं.

मग उस्ताद फोनला बसला. पहिल्याच फोनला “मी उस्ताद...” एवढं बोलला आणि अडकला. “मी वर्कशॉपमधून बोलतोय. माझी चूक झालीय. हँडल डावीकडे पूर्ण वळवू नका. हळूहळू चालवत आजच या.” असं एकोणसाठ वेळा सांगायचं होतं. बहीण शेजारी बसून डाव्या हातानं रजिस्टरची पानं उलटत होती. एकेक नंबर वाचून दाखवत होती.

लोक बिचारे सांगितल्यासारखे निघाले. तासाभरात पहिल्या अकरा गाड्या आल्या. रस्ताभर कुणीही हँडल जास्त वळवलं नाही. वर्कशॉपचं फाटक अरुंद होतं आणि रस्त्याच्या डाव्या हाताला होतं. पाच गाड्या फाटकातच बंद पडल्या आणि वाजत राहिल्या.