डिकीतला केक

रॉडरिकच्या दिवंगत वडिलांची जुनी स्पोर्ट्स कार इंग्लंडहून बोटीने ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटल बंदरात उतरली. तपासनिसाने डिकीतून सुकामेव्याचा केक काढला. डबा आईचा, हे रॉडरिकने लांबूनच ओळखलं. पण सापडलेली खायची वस्तू आपली म्हटली की गाडी अडकते, हेही त्याला ठाऊक होतं.

“हा कोणाचा?”

“कोण जाणे. गाडी तेवढी माझी.”

केक कचऱ्यात गेला, गाडी सुटली.

संध्याकाळी इंग्लंडहून आईचा फोन आला. “मुद्दाम लपवला होता. कसा झाला रे?”

“एकदम गोड. तुझ्या हाताला तोड नाही, आई.”



“साखर घालायचीच विसरले होते मी. गाडी गेल्यापासून जिवाला रुखरुख लागली होती. लहानपणापासून असंच माझं मन राखतोस, बाळा.”