अर्ध्या मिशीची पैज

"बन्सी, मशीननं एकटीनंच खेळून दाखवलं, तर तुजी अर्धी मिशी माजी," पूर्णा गावातल्या व्हिडिओ गेमच्या दुकानात भुजंगनं शेजाऱ्याला डिवचलं.

"लाव पैज! खेळायला माज्या दादासारखा गडीच लागतो." बन्सीधरचा दादा येलदरी धरणाच्या पाण्यात बेपत्ता झालेला, लोक म्हणायचे गेला, पण हा सुतक धरायला तयार नव्हता.

मशीन रिकामी सोडली की पडद्यावर नमुन्याचा खेळ आपोआप चालतो, हे भुजंगला ठाऊक होतं. खेळ सुरू झाला, सगळे खिदळले. मग भुजंगचं लक्ष दांडीकडं गेलं. नमुन्याच्या खेळात मशीनची दांडी कधी हलत नाही. आज ती दादाच्या लकबीनं हिसके देत हलत होती.

बन्सीधर बघत राहिला. मग भर बाजारात न्हाव्यापुढं जाऊन बसला.

 

"अर्धी न्हाई, पुरी काढ. आन् डोकं बी."