दोन इंजेक्शनं

गरोदर शिंपिणीच्या रक्तात हिपॅटायटिस बीचा विषाणू सापडला. तिच्या आईचंही रक्त तपासलं, तर तेच. “जन्मताना तुमच्याकडूनच लेकीला लागण झाली असावी,” डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून आई लेकीच्या नजरेला नजर देईना. नात जन्मली, तरी ती दारातच उभी राहिली. तासाभरातच नर्स दोन इंजेक्शनं घेऊन आली: एक हिपॅटायटिस बीच्या लसीचं, दुसरं विषाणूशी लढणाऱ्या तयार प्रतिपिंडांचं. “आजी, बाळाचे पाय धरा.” “मी नको. माझ्यामुळेच हे सगळं.” “अहो, हात लावल्यानं काही होत नाही. तुमच्या वेळी ही लस कुठे होती?” आजीनं पुढे येऊन पाय धरले. नातीनं रडून दवाखाना डोक्यावर घेतला. पुढचा एकही डोस आजीनं चुकू दिला नाही. वर्षानं नातीचा रिपोर्ट आला. “म्हणजे हिच्यापर्यंत नाही पोचलं?” आजीनं तिसऱ्यांदा विचारलं. “नाही गं, आई. माझ्यापाशीच थांबलं.” नातीला खाली ठेवून आजीनं लेकीला कवटाळलं.