तेवीस दिवस साबणाच्या पाण्यात

“एकच शब्द बदललाय, बाई. एकच!” विक्रीवाले साहेब म्हणाले आणि त्यांनी खोक्याचा नमुना टेबलावर ठेवला. बाईंनी तो उचलला, खालचं पाणी फडक्याने पुसलं आणि मग वाचला.

खोक्यात जायचं होतं ते गळ्यात घालायचं लॉकेट. सुपारीएवढं, मधोमध लाल बटण. म्हातारं माणूस एकटं असताना पडलं, की बटण दाबायचं. दुसऱ्या खोलीत ठेवलेल्या यंत्राची घंटा वाजते आणि कोणीतरी धावत येतं. एका वृद्धाश्रमाने चारशे मागवली होती. माल सोमवारी निघायचा होता. खोक्यावर आधी ‘वॉटर रेझिस्टंट’ होतं, तिथे आता ‘वॉटरप्रूफ’ आलं होतं. खाली बाईंच्या सहीची जागा रिकामी होती.

बाईंचं काम वस्तू बुडवायचं. कारखान्यात त्यांच्या खोलीला सगळे ‘जलसमाधी’ म्हणत, आणि त्यांच्या सहीशिवाय एकही खोकं फाटकाबाहेर पडत नसे. त्या दोन शब्दांतला फरक त्यांना पुरता ठाऊक होता. पहिला म्हणतो, पाणी अंगावर आलंच तर थोडा वेळ तोंड देईन. दुसरा म्हणतो, माझ्यापुढे पाण्याने हात टेकले. असं म्हणायला काय, कोणीही म्हणेल!

“एक मीटर खोल, अर्धा तास. तुम्हीच पास केलंत ना?” साहेबांनी विचारलं.

“केलं. थंड, स्वच्छ, संथ पाण्यात. तशा पाण्यात अंघोळ कोण करतं?”

“अहो, तेच तर सांगतोय. नुसतं रेझिस्टंट लिहिलं, तर आजी अंघोळीला जाताना लॉकेट काढून ठेवणार. आणि माणसं पडतात कुठे? बाथरूममध्येच!”

“शंभर टक्के खरं,” बाई म्हणाल्या. “म्हणूनच सही होत नाही.”

साहेबांनी सरळ मालकांना बोलावून आणलं. मालक घड्याळ बघतच आत आले. बाईंनी भाषण दिलं नाही. त्या कोपऱ्यातल्या बादलीकडे गेल्या.

ही बादली कुठल्याच नियमात नव्हती. नियमाची टाकी पार पडल्यावर बाईंनी ती आपणहून मांडली होती. रोज सकाळी कढत पाणी, साबण, दहा मिनिटं. मग त्यातली पाचही लॉकेटं घासायची, पुसायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. लोक याला नसती उठाठेव म्हणायचे. आजचा तेविसावा दिवस होता.

“मालक, हे गळ्यात घाला. आणि खाली बसा.”

“खाली?”

“तुम्ही पडलाय.”

मालकांनी फरशीवरचं पाणी पाहिलं, स्वतःची इस्त्रीची पॅंट पाहिली, आणि बसले. याबद्दल त्यांनाही मानलं पाहिजे. त्यांनी बटण दाबलं. लाल दिवा लागला.

“लागला की!” साहेब म्हणाले.

समोरच्या फळीवर घंटेचं यंत्र होतं. ते गप्प होतं.

“आता?” मालकांनी विचारलं.

“आता वाट बघा. कोणी येतंय का.”

मालकांनी वाट पाहिली. दिवा छान जळत होता. त्यांनी पुन्हा बटण दाबलं, मग अंगठा लालबुंद होईपर्यंत दाबून धरलं. पॅंट भिजून गार पडली. मिनिट झालं, दोन झाली. साहेबांनी फळीकडे बघणंच सोडून दिलं.

“पण दिवा तर लागतोय,” मालक खालूनच म्हणाले.

“तोच तर घात आहे. दिवा लागला की माणूस हाका मारायचं थांबवतं. आता कोणीतरी येईल म्हणून पडून राहतं.”

मालक सावकाश उठले. “किती गेली?”

“पाचातली तीन. साबणाने आतली रबरी रिंग फुगते, पाणी शिरतं आणि घंटेला जाणारा संदेश बंद पडतो. दुसऱ्या जातीची रिंग मिळते, ती बसवून मला सहा आठवडे द्या. बादलीतून तगली, तर ‘अंघोळीला जाताना काढू नका’ असं मीच खोक्यावर लिहून देते.”

“सहा आठवडे!” साहेबांनी कपाळाला हात लावला. “मग ऑर्डर गेलीच म्हणून समजा.”

मालकांच्या खिशाला पेन होतं. बाईंच्या जागी स्वतःची सही करायचा त्यांना अधिकारही होता. बाईंना ते माहीत होतं. ती चारशे माणसं त्यांच्या ओळखीची नव्हती, पण तेवीस दिवस त्यांचीच अंघोळ चालली होती त्या बादलीत.

मालकांनी पेनाला हात लावला नाही. त्यांनी फोन काढला आणि वृद्धाश्रमाच्या संचालिकेला लावला.

“नमस्कार. सोमवारी माल निघत नाहीये... नाही, कागदपत्रं सगळी ठीक आहेत. आमच्या बाई नाही म्हणतात.”

पलीकडून बराच वेळ कोणी तावातावाने बोलत होतं. मालकांनी फोनवर हात ठेवला.

“त्या म्हणतात, दुसऱ्या कंपनीच्या खोक्यावर चक्क वॉटरप्रूफ छापलंय. आम्ही तिकडून घेतो.”

साहेबांनी ‘सांगितलं नव्हतं?’ अशा नजरेने बाईंकडे पाहिलं.

“खुशाल घ्या म्हणावं,” बाई म्हणाल्या. “फक्त कोणाच्या गळ्यात घालण्याआधी महिनाभर रोज कढत पाण्यात साबण लावून धुऊन बघा.”

मालकांनी शब्दन् शब्द तसाच फोनवर सांगितला. पलीकडचं बोलणं ऐकून घेतलं. मग त्यांनी बाईंकडे पाहिलं.

“साबण कुठला घ्यायचा, विचारतायत.”