गांधीलमाशीची परीक्षा

“नापास,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी घड्याळ बंद केलं.

चिमणी दिवाणखान्याच्या मधोमध उभी होती, हातात सरावाचं पेन. लिहायचं नव्हे, इंजेक्शनचं. याला सुई नव्हती एवढंच. गांधीलमाशी चावली की खरं पेन मांडीच्या बाहेरच्या बाजूला दाबायचं, कपड्यावरूनच, आणि तीन मोजेपर्यंत हलवायचं नाही. एवढं सगळं तिनं बिनचूक केलं होतं.

“नापास का पण?”

“बेल वाजली आणि तू उठलीस.”

“दारात कुणी ताटकळत असेल तर?”

“ताटकळू दे. इंजेक्शन घेतलं की आडवं व्हायचं, पाय उंच ठेवायचे, आणि अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत उठायचं नाही. बरं वाटलं तरी नाही. उठलीस आणि रक्तदाब कोसळला, तर जंगलात तुला कोण बघणार?”

गेल्या उन्हाळ्यात बागेत चिमणीला एकच गांधीलमाशी चावली होती. पाच मिनिटांत ओठ सुजले, श्वास अडकला, आणि डोळे उघडले ते थेट हॉस्पिटलात. तेव्हापासून बाग बंद, तळ्यावर जाणं बंद, खिडक्यांना जाळ्या. डॉक्टरीणबाईंपुढं त्या घरात त्यांच्या नवऱ्याची डाळ शिजत नव्हती, तिथं चिमणीची काय कथा.

आणि आता वर्गातल्या अकराजणी तंबू घेऊन तीन दिवस जंगलात निघाल्या होत्या. लंबूला घरून केव्हाच परवानगी मिळाली होती. लंबू म्हणजे चिमणीची जिवाभावाची मैत्रीण, पहिलीपासून एका बाकावरची. या खेपेला आपण मागं राहिलो तर पुढं कुणी विचारणारसुद्धा नाही, ही चिमणीला धास्ती होती.

“सगळ्यांना सोडलंय. मलाच का नाही?”

“सगळ्यांना गांधीलमाशीची अ‍ॅलर्जी नाही. आणि हे काय तुझं वय आहे का, जमिनीवर झोपायचं, झाडाझुडपांत हिंडायचं?”

“मग कधी जायचं?”

“रविवारी पुन्हा परीक्षा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “तू आणि लंबू, दोघींची. एक चूक झाली की विषय संपला.”

मग काय, चिमणीनं कंबर कसली. फुलाफुलांचे भडक कपडे पिशवीतून काढले, अत्तराची बाटली कपाटात गेली, अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही असं ठरलं. सरबत प्यायच्या आधी पेल्यात डोकावायची सवय लावली. खरी पेनं दोन, आणि ती तंबूत नाही, कमरेच्या पट्ट्यातच. लंबू रोज दुपारी यायची आणि उशीवर सराव करायची. पण हटकून पेन उलटं धरायची.

“अगं, अशानं इंजेक्शन तुझ्या अंगठ्यात जाईल,” चिमणी म्हणायची. “अंगठा ठणठणीत आणि मी वर.”

लंबू हसून लोळायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

रविवारी सकाळी डॉक्टरीणबाई चिमणीची वेणी घालत होत्या. लंबू समोर बसून शेंगा खात होती. निम्मी वेणी झाली आणि डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, “चावली. मानेवर.”

चिमणीनं पट्ट्यातून सरावाचं पेन ओढलं. मांडी. एक, दोन, तीन. वेणी तशीच सोडून ती सतरंजीवर आडवी झाली. लंबूनं शेंगा फेकून तिच्या पायांखाली स्टूल सरकवलं, बंद फोन उचलून अ‍ॅम्ब्युलन्सला सांगायचं ते घडाघडा सांगितलं, वेळ टिपून ठेवली. पाच मिनिटांत उतार पडला नाही तर द्यायचं दुसरं पेनही तिनं हातात धरलं, आणि सुलटं धरलं.

तेवढ्यात बेल वाजली. पुन्हा वाजली.

“कुणीतरी दार उघडा,” बाहेरून डॉक्टरीणबाईंचे यजमान ओरडले. “कलिंगड निसटतंय हातातून.”

चिमणी छताकडं बघत म्हणाली, “निसटू दे.”

बाहेर धप्पकन आवाज झाला. चिमणी हलली नाही. लंबूही हलली नाही. डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. त्यांनी घड्याळ बंद केलं.

“पास,” त्या म्हणाल्या, आणि खाली बसून चिमणीला घट्ट मिठी मारली. चिमणीला वाटलं, आपण गडच जिंकला.

सहलीच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी सहलप्रमुखाला दोन्ही पेनं दाखवली, सूचना तीनदा ऐकवल्या, आणि त्या बसमधून खाली उतरल्या. बस सुरू झाली. चिमणीचा चेहरा आनंदानं फुलून गेला होता.

“पुढची जागा वयानं सगळ्यांत मोठ्या असतील त्यांना,” सहलप्रमुख यादी बघत म्हणाला. “कोण आहे?”

चिमणीनं हात वर केला. “मी. चौऱ्याहत्तर पूर्ण. आणि ती फाटकापाशी डोळे पुसतेय ना, डॉक्टरीण, ती माझी धाकटी लेक. लहानपणापासून जरा घाबरट आहे, तुम्ही गाडी काढा.”