लॉकरला हवं ते हसू

"अगं, हस की!" खाडे सर दारातून ओरडले. "शर्यत सुरू होतेय!"

"हसतेच आहे, सर!" तेजलने पुन्हा दात काढले. लॉकर ढिम्म. धावायचे बूट आतच.

ढीगभर पासवर्ड कुणाच्याच लक्षात राहीनात, म्हणून हल्ली कुलपं माणसाचं हसू ओळखायची. पण प्रत्येक कुलपाला वेगळं हसू लागायचं! घराच्या दाराला पाहुण्यांसमोरचं, टॅबला गुदगुल्यांचं. लॉकरला तेजलने दिलं होतं नाझनीनसोबतचं, पोट दुखेपर्यंतचं. आणि नाझनीनशी तर महिनाभर अबोला!

नाझनीन समोरच्याच बाकावर बसून बुटाची नाडी बांधत होती. तीही याच शर्यतीत होती.

"नाझे, हसव ना मला," तेजल रडवेली झाली.

"का म्हणून? तू नसलीस तर मीच पहिली."

तेजल नुसत्या मोज्यांवर लॉकरकडे वळली. पुन्हा दात काढून पाहिले. नाझनीनने तिच्या पायांकडे पाहिलं, मान फिरवली, पुन्हा पाहिलं.

"तुझा अंगठा मोज्यातून बाहेर आलाय. त्याला तरी शर्यत बघू दे, म्हशे."

तेजल फिस्सकन हसली, मग दोघी पोट धरून. खट्! लॉकर उघडला.

"गेलं की गं माझं पदक!" नाझनीनने कपाळावर हात मारला.

"मग पळ जोरात!" बूट चढवत तेजल ओरडली.