साक्षीदाराचा रकाना

रकाना १. उमेदवाराचे नाव: तिलकुमारी घर्ती.

रकाना २. कोणत्या पदासाठी इच्छुक:

"इथे 'उपाध्यक्ष' लिहा, वहिनी," टंकनाथ म्हणाला. तो पक्षाच्या जिल्हा कार्यालयाचा सचिव. "खरं तर तुम्हाला फॉर्म भरायचीही गरज नव्हती. अध्यक्ष-उपाध्यक्ष दोघांत एक बाई पक्षाला कायद्यानेच द्यावी लागते. ते पद तुमचंच."

तिने 'अध्यक्ष' लिहिलं.

टंकनाथने चष्मा कपाळावर चढवला आणि पुन्हा नाकावर घेतला.

रकाना ४. सध्याची जबाबदारी:

पाच वर्षं गावपालिकेची उपाध्यक्ष. पाटाच्या पाण्यावरून डोकी फोडलेले भाऊ, आईला जेवू न घालणारे मुलगे, बायकोला घराबाहेर काढलेले नवरे, सगळे तिच्या टेबलापाशी येत. रस्ते आणि पूल अध्यक्षांच्या टेबलावर जात. रकाना दोन बोटं रुंद होता. तिने पद तेवढं लिहिलं.

रकाना ७. पक्षावरील बंदीच्या काळातील भूमिगत काम. दर वर्षाला दहा गुण. त्या काळातील एका साक्षीदाराचा जबाब व सही आवश्यक.

ज्याचे गुण जास्त, त्याचं नाव काठमांडूला जाणार होतं.

तिच्या कामाला साक्षीदार तिघे. नवरा, जाऊन नऊ वर्षं झाली. दलबीर मास्तर, गेल्या थंडीत गेले. तिसरा टेबलाच्या पलीकडे बसला होता, खिमानंद पौडेल. तोही फॉर्मच भरत होता, त्याच पदासाठी. आणि त्याच्याही सातव्या रकान्यात साक्षीदाराची जागा कोरी होती.

"आता आपण दोघंच उरलो, वहिनी," तो म्हणाला. "तुम्ही माझ्या फॉर्मवर सही करा, मी तुमच्या करतो. पुढचं वरचे बघतील."

त्याने आपला फॉर्म सरकवला. भूमिगत काळ: तीन वर्षे.

"यातली दोन वर्षं तुम्ही पुण्यात होतात, भावजी."

"पक्षाच्याच कामाने."

"सोसायटीच्या फाटकावर. तुमच्या आईला तुमची पत्रं मी वाचून दाखवायचे. शिट्टी हरवली म्हणून पगार कापला, तेही मीच वाचलं. रडली होती म्हातारी."

टंकनाथला हसू आलं. त्याने ते खोकल्यात घालवलं.

खिमानंदने तिचा फॉर्म ओढून घेतला. "आणि हे काय? 'पत्रके व निरोप पोहोचवणे, अकरा महिने.' वहिनी, तुम्ही आम्हाला जेवू घालत होतात. नाही कोण म्हणतं? तसं लिहा, आत्ता सही करतो. 'भोजन व्यवस्था'."

"त्याला गुण किती, टंकनाथ?"

"गुण नाहीत. नोंद राहते."

ती सतरा वर्षांची होती तेव्हा. पाठीवरच्या टोपलीत गवत, गवताखाली पत्रकं. झुलत्या पुलावर पोलिसाने गवतात काठी खुपसली होती. टोक आरपार येऊन तिच्या पाठीत रुतलं, आणि ती हलली नव्हती. हलली असती तर त्याने टोपली उतरवायला लावली असती. घरी माळ्यावर खिमानंद बसला होता, आजही आंबवलेल्या पाल्याचं गुंद्रुकच का, म्हणून कुरकुरत.

तिने त्याचा फॉर्म आपल्यापुढे घेतला. साक्षीदाराच्या रकान्यात लिहायला लागली. अक्षर मोठं, पाचवी शिकलेलं, ओळीखाली ओळ.

'कॉम्रेड खिमानंद पौडेल विक्रम संवत दोन हजार बेचाळीसच्या मंसिर महिन्यापासून पुढच्या कार्तिकापर्यंत, अकरा महिने, आमच्या माळ्यावर लपून होते. माळ्यावरून ते उतरत नव्हते. त्यांनी लिहिलेली पत्रके व निरोप नदीपलीकडच्या सात गावांत मी पोहोचवत होते. हे खरे आहे.'

खाली सही.

खिमानंदने वाचलं. पुन्हा वाचलं.

"हे तुमच्या फॉर्मवर हवं. माझ्या नाही."

"माझ्या फॉर्मवर माझा जबाब चालत नाही. नियम आहे."

"टंकनाथ, दुसरा फॉर्म काढ."

"एका नावाला एकच, दाजू. काठमांडूहून नंबर टाकून आलेत."

"मग व्हाइटनर तरी असेल?"

"व्हाइटनर आहे. खोडाखोड चालते." टंकनाथने खणातून बाटली काढून टेबलावर ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "फॉर्मची पेटी दोनला बंद होते. पावणेदोन झालेत."

खिमानंदने बाटली हलवली. आतली गोळी खडखडली. झाकण उघडून त्याने ब्रश तिच्या ओळींवर धरला. त्या ओळी गेल्या की त्याला साक्षीदार नव्हता. त्या राहिल्या, तर फॉर्मखालच्या त्याच्या सहीने तिलाही साक्षीदार मिळत होता.

ब्रशच्या टोकाशी एक थेंब जमत आला. तिलकुमारीने कागद ओढला नाही.

"वहिनी, झुलत्या पुलावरून," तो खाली बघतच म्हणाला, "एकदा तुम्ही रक्ताने भिजलेलं पोलकं घालून आला होतात. मी विचारलंही नव्हतं."

"नव्हतं विचारलं."

ब्रश दोन बोटं वर सरकला आणि भूमिगत काळाच्या 'तीन वर्षे' वरून फिरला. एकदा, मग पुन्हा एकदा. त्याने त्यावर हलकेच फुंकर घातली. टंकनाथही उठून जवळ आला. तिघंही त्या पांढऱ्या ओल्या पट्ट्याकडे बघत राहिले. तो वाळेपर्यंत त्यावर काही लिहिता येणार नव्हतं.